निपाणीच्या वखारीतल्या बायका आणि दीपा धनराज यांचा कॅमेरा

कृष्णाकाठची (सांगली)

‘तंबाखू चाकीला ऊब आली’ ही १९८२ ची फिल्म. पंचवीस मिनिटांची, कृष्णधवल, निपाणीच्या तंबाखू वखारींत राबणाऱ्या बायकांची. कोल्हापूर ओलांडलं की तासाभरात निपाणी येतं. आपल्याकडच्या कितीतरी लेकी तिकडे दिल्यात, तिकडच्या सुना इकडे आल्यात. तरी एवढ्या वर्षांत ही फिल्म सांगली-मिरजेत कुणी दाखवल्याचं माझ्या कानावर नाही. बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेनं तिची डिजिटल प्रत केली, मग ती नेटवर आली आणि मग मी पाहिली. निपाणीहून सांगलीला यायला तिला बर्लिनचा वळसा पडला.

फिल्म करणाऱ्या दीपा धनराज. बंगलोरला १९८० साली त्यांनी आभा भैया, मीरा राव आणि कॅमेरामन नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्यासोबत ‘युगांतर’ नावाचा गट काढला. काळ कोणता ते लक्षात घ्या. आणीबाणी उठून तीनच वर्षं झालेली. आपल्याच चंद्रपूरकडच्या मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस चौकीत झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं पोलिसांना सोडलं होतं आणि त्याविरुद्ध १९८० च्या ८ मार्चला ठिकठिकाणी बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. अशा हवेत या मंडळींनी १९८३ पर्यंत चार फिल्म केल्या. पहिली ‘मोलकरीण’ (१९८१), पुण्यातल्या धुणंभांडी करणाऱ्या बायकांनी १९८० साली केलेल्या संपाची आणि त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेची. दुसरी ही निपाणीची. तिसरी हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेबरोबर केलेली ‘इदी कथा मात्रमेना’, घरातल्या मारहाणीवरची. ती कथाफिल्म आहे. चौथी ‘सुदेशा’, गढवालच्या चिपको आंदोलनातल्या सुदेशादेवींवर.

निपाणीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण धागा त्यासाठीच काढलाय. तिथल्या तीन हजारांहून जास्त बायका संपात उतरल्या होत्या. असंघटित कामगार म्हणून ज्यांची गणतीच होत नाही अशा या बायका. युगांतरची माणसं त्यांच्यात चार महिने राहिली. काय दाखवायचं हे बायकांशी बोलून ठरत गेलं. वखारीत आत कुठे काय चालतं ते बायकांनी दाखवलं, संघटनेच्या आतल्या बैठकांत कॅमेरा येऊ दिला. आणि जे आधीच घडून गेलं होतं ते त्यांनी पुन्हा करून दाखवलं. भांडण, घोषणा, सगळं. फिल्म तयार झाल्यावर ती पुन्हा कामगार बायकांसमोर लावायची, हा युगांतरचा शिरस्ता. ‘मोलकरीण’ पाहून दुसऱ्या गावच्या बायकांनी आपली संघटना बांधावी, याच हिशेबानं ती केली होती.

पुढे युगांतर थांबलं, दीपाताई थांबल्या नाहीत. हैदराबादच्या १९८४ च्या दंगलीवर ‘क्या हुआ इस शहर को?’ (१९८६). कुटुंबनियोजनाच्या सरकारी कार्यक्रमावर ‘समथिंग लाइक अ वॉर’ (१९९१). तामिळनाडूत मुसलमान बायकांनी स्वतःची जमात (न्यायनिवाडा करणारी पंचायत) काढून तलाक-पोटगीचे निवाडे सुरू केले, त्यावर ‘इन्व्होकिंग जस्टिस’ (२०११). हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुलाच्या आत्महत्येनंतरच्या विद्यार्थी आंदोलनावर २०१८ ची ‘वी हॅव नॉट कम हिअर टु डाय’. बहुतेकांचा कॅमेरा नवरोज यांचाच. ते त्यांचे जोडीदारही होते. २०२३ साली रस्ता अपघातात गेले.

मला या बाईंचं महत्त्व वाटतं ते कामाच्या क्रमासाठी. आधी जाऊन बसायचं, ऐकायचं, मग कॅमेरा काढायचा, आणि झालेली वस्तू पहिल्यांदा ज्यांची आहे त्यांना दाखवायची. आपल्याकडे हल्ली नेमका उलटा क्रम चालतो. २०१९ च्या महापुरात बोटीतून पुढे धान्याची पिशवी आणि मागे मोबाईल असं दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलंय.

कुणी यातलं काही पाहिलंय का? निपाणीचं कुणी आहे का इथं?

निपाणीकर

आहे की! माझी आज्जी वखारीत होती. फिल्म अजून बघितली नाही, आज रात्री बघतो.

वखार म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला सांगून कळत नाही. मोठं कौलारू, खिडक्या असून नसल्यासारख्या. वाऱ्यानं माल उडतो म्हणून दारं लावलेली. तंबाखूचा ढीग, त्याभोवती बायका, चाळायचं, काड्या वेगळ्या करायच्या. धूळ इतकी की बाहेर आलेल्या बाईच्या पापण्या पिवळ्या दिसायच्या. तोंडाला फडकं बांधायच्या, तरी नवी बाई पहिले काही दिवस ओकायचीच. गरगरायचं. आज्जीचं लुगडं कितीही धुतलं तरी त्याचा वास जायचा नाही. आम्ही पोरं तिच्या कुशीत झोपायचो तर शिंका यायच्या. ती म्हणायची, “शिंक, शिंक, त्या वासावरच तुझ्या बापाची शाळा झालीया.”

संपाचं ती लई रंगवून सांगायची. मालकाच्या गाडीपुढं बसलो, असं करायची. खरं किती, आज्जीनं घातलेलं किती, देव जाणे.

तासगावकर काका

निपाणी म्हटलं की आमच्या पिढीला दुसरंच आठवतं. १९८१ चं तंबाखू आंदोलन. शरद जोशींच्या मागे शेतकऱ्यांनी पुणे-बंगलोर हमरस्ता अडवून ‘आंदोलननगर’ वसवलं होतं. ६ एप्रिलला पोलिसांचा गोळीबार झाला, शेतकरी मेले. मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या गावातून ट्रक भरून माणसं गेली होती.

म्हणजे एकाच गावात, त्याच दोन-तीन वर्षांत, त्याच व्यापाऱ्यांविरुद्ध दोन लढे. शेतकरी भाव मागतोय, वखारीतली बाई मजुरी मागतेय. आणि व्यापारी दोघांना एकमेकांचं नाव सांगणार: मजुरी वाढवली म्हणून भाव देता येत नाही, भाव दिला म्हणून मजुरी देता येत नाही. शेतकऱ्यांच्या लढ्यावर रकानेच्या रकाने आले, या बायकांचं नाव मी आज ऐकतोय.

कृष्णाकाठची (सांगली)

काका, अगदी मुद्द्याचं बोललात. आणि त्या वखारीतल्या बायकांत कितीजणी त्याच तंबाखू पिकवणाऱ्या घरांतल्या असतील, हाही प्रश्न आहेच. बायकांच्या लढ्यावर अगदीच लिहिलं गेलं नाही असं नाही. छाया दातार यांचं इंग्रजी पुस्तक आहे निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर, १९८९ साली काली फॉर विमेननं काढलेलं. त्यांच्यासारखी मराठी बाई लिहिते आणि ते पुस्तक निपाणीत वाचता येत नाही, हे दुखणं वेगळं.

निपाणीकर, आज्जीनं घातलेलं किती ते फिल्म बघून सांगा. फिल्ममध्येही बायकांनी प्रसंग पुन्हा उभे केलेत, तेव्हा तुमची आज्जी एकटी नाही.

स्पष्टवक्ता मिरज

मला या सगळ्यात एक खटकतं. बंगलोरहून शिकलेली माणसं येतात, चार महिने राहतात, फिल्म करून जातात. पुढे ती बर्लिनला लागते, परदेशात चर्चासत्रं होतात. वखारीतल्या बाईला काय मिळालं? आणि घडून गेलेलं पुन्हा करून दाखवलं तर त्याला माहितीपट कसं म्हणायचं? मग नाटक म्हणा.

लग्नाचा शूटिंगवाला (कुपवाड)

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, धंद्याचा विषय आहे.

१६ एमएमचं चारशे फुटांचं रीळ घातलं की अकरा मिनिटं चालतं. संपलं की काळ्या पिशवीत हात घालून नवं भरायचं. आवाज वेगळ्या टेपवर, तो नंतर चित्राशी जुळवायचा. कच्ची फिल्म महाग, धुलाई वेगळी, आणि काय शूट झालंय ते लॅबमधून आल्याशिवाय दिसत नाही. आज आम्ही हळदीपासून पाठवणीपर्यंत कॅमेरा बंदच करत नाही, कार्ड भरलं की दुसरं. तेव्हा ‘बसू, काहीतरी घडेल’ म्हणून कॅमेरा चालू ठेवणं कुणाच्या बापाला परवडणारं नव्हतं. आधी ठरवूनच घ्यावं लागायचं. आता कुणाबरोबर ठरवायचं, हा खरा प्रश्न. मालकाबरोबर, सरकारी अधिकाऱ्याबरोबर की बायकांबरोबर? यांनी बायकांबरोबर ठरवलं.

आणि लग्नात नवरदेव हार पुन्हा घालतो फोटोसाठी, तेव्हा लग्न खोटं होत नाही :)

फिल्म दुपारी बघितली. अंधाऱ्या वखारीत, उडत्या धुळीत, त्या काळच्या फिल्मवर चेहरे इतके स्वच्छ काढलेत की मी दोनदा मागे जाऊन बघितलं. धूळ लेन्सवर बसते, कॅमेऱ्यात फिल्म सरकते त्या गेटमध्ये जाते, रिळावर ओरखडे येतात. कॅमेरामनला सलाम.

बेदाणा

पहिल्यांदाच लिहितेय इथं. स्पष्टवक्ता यांच्या पहिल्या प्रश्नावर.

माझी आई बेदाण्याच्या शेडवर जाते, तासगाव भागात. गाव सांगत नाही. द्राक्ष डिपिंग ऑइलमध्ये बुडवून रॅकवर टाकतात, वर हिरवं नेट, पंधरा दिवसांत बेदाणा होतो. मग बायकांचं काम सुरू. ढिगापुढं ओळीनं बसायचं आणि काडी, खडा, काळा मणी वेगळा काढायचा. पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात, ती दिली त्या दिवशी डोळे चुरचुरतात. संध्याकाळी आईची बोटं एकमेकाला चिकटलेली असतात. गरम पाण्यात बुडवून सोडवायला लागतात. पुरुषांना हजेरी वेगळी, बायकांना वेगळी. का, तर पुरुष क्रेट उचलतात.

दोन हंगामांपूर्वी तिच्याबरोबरच्या एका बाईनं मोबाईलवर व्हिडिओ केला. मजुरी तीन आठवडे थकली होती, तेवढंच बोलली त्यात. गावच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी मुकादमानं तिला आणि व्हिडिओत मागे दिसणाऱ्या दोघींना येऊ नका म्हणून सांगितलं. त्या दोघी नुसत्या बेदाणा निवडत बसल्या होत्या. तेव्हापासून शेडवर फोन काढला की बायका पदर तोंडावर ओढतात.

म्हणून फिल्म बघताना माझं लक्ष दुसरीकडेच होतं. या बायका तोंड झाकत का नाहीत? सरळ बघून बोलतायत. उद्या कामावर घेणार नाहीत याची भीती कुठं गेली?

कृष्णाकाठची (सांगली)

बेदाणा, बरं केलंत लिहिलंत. या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलाय.

भीती गेली नसणार. पण कॅमेरा आला तेव्हा संघटना आधीच उभी होती. चिकोडी तालुका कामगार महासंघ, सुभाष जोशी वगैरे मंडळी काही वर्षं तिथं काम करत होती. एकीला काढलं तर बाकीच्या बाहेर येतील, हे मालकालाही ठाऊक होतं. तुमच्या आईबरोबरच्या बाईच्या मागे फक्त मोबाईल होता. पुण्याच्या ‘मोलकरीण’मध्येही तेच. संप आधी, फिल्म नंतर.

स्पष्टवक्ता, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तरही यातच आहे. फिल्ममुळे मजुरी वाढली असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. मजुरी संपानं वाढते. फिल्म पुढच्या गावाला संप कसा झाला ते सांगते. परदेशात चर्चासत्रं होतात हा त्या बायकांचा दोष नव्हे आणि दीपा धनराज यांचाही नव्हे. आपण इथं लावली असती तर इथंही चर्चा झाली असती.

स्पष्टवक्ता मिरज

ठीक आहे, क्रमाचा मुद्दा पटला. तरी पुन्हा विचारतो, त्या बायकांची नावं फिल्मबाहेर कुणाला ठाऊक आहेत? दीपा धनराज यांचं नाव मात्र धाग्याच्या मथळ्यात आहे.

(आणि ‘क्या हुआ इस शहर को?’ची लिंक कुणाकडे असेल तर द्या. २००९ ला मिरजेत जी दंगल झाली त्यानंतर आमच्या गल्लीत ती दाखवायला हवी होती.)

निवृत्त परिचारिका (सातारा)

मी ‘समथिंग लाइक अ वॉर’बद्दल लिहिते. आमच्या प्रशिक्षणात ही फिल्म दाखवली नाही हे सांगायला नकोच. निवृत्तीनंतर मुलीनं लॅपटॉपवर लावून दिली.

त्यात बायकांच्या नसबंदीचं, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं शिबिर आहे. डॉक्टर आपण किती भराभर ऑपरेशन करतो ते कौतुकानं सांगतात. बायका एकामागून एक टेबलावर. मला ते बघताना कुठंही नवल वाटलं नाही, आणि त्याचंच वाईट वाटलं. माण-खटावपासून पाटणपर्यंत मी अशी शिबिरं केलीत. शाळेच्या वर्गात बाकं बाजूला सारून सतरंज्या टाकायच्या, भूल उतरत असलेल्या बाया ओळीनं निजवायच्या, सासवा बाहेर तान्ही घेऊन बसलेल्या. आम्हाला वर्षाचं टार्गेट. मार्च जवळ आला की ‘केस’ शोधत वाड्या-वस्त्या फिरायच्या. बाईला आम्ही केसच म्हणायचो. तांबी बसवलेली बाई म्हणजे अर्धी केस, असला हिशेब. १९९६ ला सरकारनं टार्गेट काढलं म्हणे. कागदावरनं काढलं, मार्चमधली धावपळ बरीच वर्षं तशीच होती.

पुरुष कुठं गेले, असं नवीन मुली विचारतात. आणीबाणीत पुरुषांच्या नसबंदीची सक्ती झाली. आपल्या महाराष्ट्रानं तर १९७६ साली सक्तीचा कायदाच विधिमंडळात मंजूर केला होता, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून बारगळला. १९७७ ला सरकार पडलं आणि त्यानंतर कुठल्याही पुढाऱ्याची पुरुषांना हात लावायची छाती झाली नाही. सगळा भार बायकांवर आला. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडला बिलासपूरजवळ एका शिबिरात ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया केल्या, त्यातल्या १३ दगावल्या. मग २०१६ ला सुप्रीम कोर्टानं तीन वर्षांत ही शिबिरं बंद करा म्हणून सांगितलं. फिल्म १९९१ ची आहे. पंचवीस वर्षं आधी दाखवलं होतं.

पण मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळी. ग्यारसीबाई म्हणून राजस्थानची एक बाई आहे. ती आणि इतर बाया गोल करून बसतात, शरीराचं चित्र काढतात आणि बोलतात. पाळी, नवरा, मूल, मूल न होणं, स्वतःला काय आवडतं. हसतात सुद्धा. मी इतकी वर्षं बायकांच्या अंगाला हात लावून काम केलं, पण असं गोल करून कधी बसले नाही. वेळच नव्हता. रजिस्टर भरायचं असायचं.

तासगावकर काका

ताई, तुमच्याच जिल्ह्यात ‘नकोशी’ नावाच्या मुलींचं नामकरण झालं होतं ना, जिल्हा परिषदेनं केलेलं?

निवृत्त परिचारिका (सातारा)

हो, २०११ साली. अडीचशेहून जास्त मुली होत्या. समारंभ छान झाला, मुलींनी स्वतः नावं निवडली. आणि तुमच्या म्हैसाळला २०१७ च्या मार्चमध्ये ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले. एकीकडे दोन मुलांवर थांबा, दुसरीकडे त्यातला एक मुलगाच हवा. या दोन्हीच्या मध्ये बाई सापडते. दीपाताईंच्या फिल्ममध्ये बायका हेच बोलतात, वेगळ्या शब्दांत.

निपाणीकर

बघितली. आईबरोबर बघितली.

आई मध्येच उठली आणि म्हणाली, “ह्या आवाजाची बाई आमच्या गल्लीत होती.” नाव आठवेना तिला. मागं घेऊन परत ऐकलं. मग मावशीला फोन लावला, मावशीला दाखवायला पाठवलं, आता सगळ्या वळखीच्या तोंडांची यादी करायला लागल्यात. मिरजेच्या साहेबांनी नावं विचारली होती, एक-दोन सापडतील असं दिसतंय. घरच्यांना विचारल्याशिवाय इथं टाकणार नाही.

आज्जी कुठं दिसली नाही. पण मालकाच्या गाडीचं ती बोलायची त्यात लई घातलेलं नव्हतं असं आता वाटतंय.

कृष्णाकाठची (सांगली)

निपाणीकर, ती यादी नीट लिहून ठेवा. घरच्यांनी हो म्हटलं तर फिल्म करणाऱ्यांनाही कळवू.

आता कामाचं. मला ही फिल्म आणि ‘मोलकरीण’ इथं दाखवायची आहे. मिळून तासाभराचंही काम नाही. युगांतरच्या मंडळींना रीतसर पत्र लिहून परवानगी मागते. नाट्यगृह नको. भाडं परवडायचं नाही, आणि तिथं आपल्यासारखेच येतील, बघतील, चहा पिऊन जातील. विश्रामबागेत धुणंभांडी करणाऱ्या बायका दुपारी दोनच्या पुढे मोकळ्या असतात, त्यांच्या वस्तीतल्या समाजमंदिरात एक खेळ. दुसरा तासगावकडे. बेदाणा, जमेल का?

बेदाणा

शेडवर अजिबात नको. शेडच्या जवळपासही नको. अमावास्येला आमच्याकडे काम बंद असतं, त्या दिवशी देवळाच्या मागच्या खोलीत बायका भजनाला जमतात. तिथं चालेल. चारच्या आत संपवा, साडेचारला नळाला पाणी येतं, मग एकही बाई थांबणार नाही.

आणि फोटो काढायचे नाहीत. ग्रुपवर टाकायचे नाहीत. हे आधी कबूल करा.

कृष्णाकाठची (सांगली)

कबूल.

लग्नाचा शूटिंगवाला (कुपवाड)

प्रोजेक्टर आणि स्पीकर माझा, भाडं नाही. अमावास्येला लग्नाची तारीख नसते, मीही रिकामाच. खोलीला खिडक्या किती आणि कुठल्या बाजूला ते कळवा, काळं कापड त्या मापानं आणतो. मी आत बसायचं की लावून देऊन बाहेर जायचं, तेही बायकांना विचारून सांगा.

बेदाणा

लावून द्या आणि बाहेर पारावर बसा. अडलं तर हाक मारू.